धीर धरायचा की द्यायचा?

मावशीच्या कपाटावर एक पितळी समई होती. तिच्या आजीची, नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेली. बाप्तिस्मा घेतल्यावरही आजीनं ती टाकली नाही. नाताळच्या रात्री समई लागायची, एरवी वर्षभर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर पडून असायची. चार वर्षांपूर्वी एका दुपारी घोरपडीतल्या भंगारवाल्यानं ती काट्यावर ठेवली, किलोचा भाव सांगितला आणि हातगाडीवर टाकून घेऊन गेला. मावशीनं ती स्वतः खाली नेऊन दिली होती. घरी प्रार्थनेला आलेल्या एका पाहुण्या उपदेशकानं सांगितलं होतं, या घरात कुठंतरी सैतानाला ‘दार उघडं राहिलंय’ आणि हल्ला तिथूनच येतोय.

हल्ला म्हणजे झालं काय होतं? काका गेले होते. धाकट्या भावाची नोकरी गेली होती. मावशीला रात्र रात्र झोप नव्हती, पहाटे तीनच्या सुमाराला छातीत धडधडायला लागायचं. ‘उपासना संगीत’ हे भजनांचं पुस्तक न उघडता त्यातली निम्मी गीतं म्हणणारी ही बाई, तिला साधी प्रार्थना करता येईना. “शब्द डोळ्यांपुढून जातात रे, आत उतरत नाहीत,” असं म्हणायची. समई गेली. झोप काही आली नाही. पुढच्या खेपेला उपदेशकानं निदान बदललं: विश्वास कमी पडतोय.

सैतान आहे की नाही, या वादात मला इथं पडायचं नाही. मी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलोय, रविवारी उपासनेला जातो, आणि दुष्टाई ही नुसती माणसाच्या डोक्यातली गोष्ट आहे असं मला वाटत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपल्या सगळ्यांसमोरचा आहे: एखाद्या माणसावर असे दिवस येतात तेव्हा मंडळीनं काय करायचं? पुण्यातल्या आपल्या मराठी मंडळ्यांना याचं उत्तर हल्ली फार पटकन सापडतं. ‘आत्मिक हल्ला आहे,’ म्हणायचं, मोठ्या आवाजात प्रार्थना करून सैतानाची बंधनं तोडायची, चहा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं. मला हे उत्तर चुकीचं वाटतं. ते आधुनिक माणसाला शोभत नाही म्हणून मी चुकीचं म्हणत नाही. ते पवित्र शास्त्राला, म्हणजे बायबलला, धरून नाही म्हणून म्हणतोय.

‘हल्ला’ हा शब्द आपल्याकडे किती सैल झालाय ते आधी बघा. मुलाला बारावीला कमी मार्क पडले, हल्ला. सुनेचं पटत नाही, हल्ला. सणाच्या उपासनेला ऐन संदेशाच्या वेळी माईक बंद पडला, तर हल्ला तर नक्कीच. वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं आहे आणि ते बदलायचा ठराव तीन बैठकांत पुढं ढकललाय, हे कुणी बोलत नाही. सैतानाला आपण फुकटात पुष्कळ श्रेय देतो.

शास्त्रात मात्र हा शब्द कोण उच्चारतो याला फार महत्त्व आहे. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात सांगतो की त्याला शरीरात एक काटा सलत होता. तो काटा म्हणजे नेमकं काय, हे त्यानं कुठं सांगितलं नाही. त्याला तो ‘सैतानाचा दूत’ म्हणतो, पण ते स्वतःबद्दल म्हणतो. तीनदा त्यानं विनवणी केली, काटा निघाला नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच ऐकायला मिळालं. आता हाच काटा करिंथच्या एखाद्या भावानं पौलाकडे बोट दाखवून ओळखला असता तर? ‘पौला, तुझ्यात कुठंतरी दार उघडं राहिलंय.’ त्याच पत्राचा सूर किती वेगळा झाला असता!

ईयोबाचं तर सगळं पुस्तकच या गोष्टीवर उभं आहे. पहिल्या दोन अध्यायांत सैतान खरोखरच हल्ला करतो, ते वाचकाला कळतं. ईयोबाला शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्याचे तीन मित्र येतात, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसतात. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. आठव्या दिवसापासून ते निदान करायला लागतात, तुझ्याकडून काहीतरी घडलं असणार असं फिरून फिरून सांगतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. बोलताना त्यांनी एकही अभद्र शब्द काढलेला नाही. त्यांची भाषणं आजच्या कुठल्याही उपासप्रार्थनेत सहज खपतील.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा हा आकडा दोन ठिकाणी येतो, आणि ती दोन्ही ठिकाणं शेजारी ठेवून वाचावीत असं मला नेहमी वाटतं. शिलोहाचा बुरूज अंगावर पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशू विचारतो, ती काय इतरांपेक्षा जास्त पापी होती? आणि स्वतःच ‘नाही’ म्हणतो. त्याच अध्यायात अठरा वर्षं कंबरेत वाकलेली एक बाई आहे. तिच्याबद्दल मात्र येशू स्पष्ट म्हणतो की सैतानानं हिला बांधून ठेवलं होतं. मग माझा मुद्दा इथं कोसळतो का? मला नाही वाटत. ते वाक्य तो तिला उद्देशून बोलत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी बरं केलं म्हणून चिडलेल्या सभास्थानाच्या अधिकाऱ्याला तो ते ऐकवतो, तिची बाजू घेऊन, तिला ‘अब्राहामाची लेक’ म्हणून. तेही तिला आधी सरळ उभं केल्यावर. सैतानाचं नाव घ्यायचा अधिकार अशा माणसाला आहे, ज्यानं समोरच्याच्या पाठीवरचं ओझं उचललंय. आपण नाव आधी घेतो आणि ओझं तिथंच ठेवून निघतो.

म्हणून माझं म्हणणं असं की ‘हल्ला’ हा शब्द प्रथमपुरुषी राहू द्यावा. सोसणाऱ्यानं तो खुशाल वापरावा. दुसऱ्यानं तो त्याच्या गळ्यात बांधू नये.

युद्धाची भाषा आपल्याला परकी आहे असंही नाही. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग’ हे पुण्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या देहूत तुकोबांनी म्हणून ठेवलं, आणि ते युद्ध ‘अंतर्बाह्य जग आणि मन’ असं दोन्हीकडं चालतं हेही सांगितलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकारामांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. त्या ओळीतला ‘आम्हां’ बघा. तो ‘तुम्हां’ नाही. आणि ‘मला’ही नाही.

हे एकवचन-अनेकवचन आपल्या भाषेत जरा घोटाळा करतं. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातली शस्त्रसामग्री आपल्या सगळ्यांना संडे स्कूलपासून पाठ आहे: कंबरपट्टा, उरस्त्राण, ढाल, शिरस्त्राण, तरवार. ‘तुम्ही उभे राहा’ असं पौल पुन्हा पुन्हा लिहितो. मूळ ग्रीकमध्ये ते अनेकवचन आहे, संपूर्ण मंडळीला उद्देशून. मराठीत मात्र ‘तुम्ही’ आदरार्थीही असतं. त्यामुळे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच मान देऊन सांगतायत, उभे राहा साहेब. आणि प्रत्येक जण आपापल्या घरी एकटा उभा राहतो.

ढालीचंही तसंच. ढाल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं येते ती मावळ्याच्या हातातली, गोल, पाठीवर टाकायची. पौलानं वापरलेला शब्द रोमन शिपायाच्या लांबट, जवळजवळ अख्खा माणूस झाकणाऱ्या ढालीचा आहे. ग्रीकमधल्या ‘दार’ या शब्दावरूनच तो आला. अशा ढाली शेजारी शेजारी भिडवल्या की भिंत तयार व्हायची. सुटा शिपाई ती ढाल घेऊन फार काळ टिकला नसता, नुसत्या वजनानंच दमला असता. मावशीच्या घरातलं कुठलं दार उघडं राहिलं हे शोधायला आलेल्यांनी आपलं दार तिच्या दाराला लावलं असतं तर बरं झालं असतं. आणि हे सगळं लिहिणारा पौल शेवटी काय मागतो? माझ्यासाठी प्रार्थना करा, मी बेड्यांत आहे. युद्धाचे धडे देणारा माणूस स्वतः मदत मागून थांबतो.

याच संदर्भात मराठीतला ‘धीर’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. रोमकरांस पत्रात संकटाने धीर, धीराने शील आणि शिलाने आशा अशी जी साखळी आहे, तिथं मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधारण ‘खाली टिकून राहणं’ असा होतो, म्हणजे ओझ्याखालून पळून न जाणं. मराठी भाषांतरकारांनी त्याला ‘चिकाटी’ म्हटलं नाही, ‘धीर’ म्हटलं. चिकाटी ज्याची त्याची असते, ती कुणी कुणाला देऊ शकत नाही. धीर धरता येतो, तसाच देताही येतो. धीर खचतो, सुटतो, आणि शेजारीण येऊन बसली की पुन्हा येतो. आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. आपल्या मंडळ्यांत मात्र धीर धरण्यावर वर्षाला वीस संदेश होतात आणि धीर देण्याचं काम कुणाच्याच वाट्याला नेमून दिलेलं नसतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण सगळेच देतो, बहुतेक वेळा चुकीच्या कारणासाठी. विजयी बाई म्हणून. त्यांचा काळ जरा जवळून पाहिला तर विजय फार थोडा दिसतो. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, लग्नाला दोन वर्षं होतायत तोवर नवरा. १८८९ मध्ये मुंबईत विधवा-मुलींसाठी शारदा सदन सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. १८९३ मध्ये मुलींना बाटवतात असा गदारोळ उठला, ‘केसरी’नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली, पालकांनी मुली काढून नेल्या. हा झाला बाहेरचा मार. पण त्याआधी इंग्लंडमध्ये, बाप्तिस्म्यानंतर, ज्या मठवासी भगिनींनी त्यांना आधार दिला त्यांच्याशीही त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) सिद्धांतावरून त्यांचा लांबलचक पत्रव्यवहारी वाद चालला होता. हिंदू म्हणत होते ही बाटगी, ख्रिस्ती म्हणत होते ही पुरती ख्रिस्ती नाही. या दोन जात्यांत सापडलेल्या बाईला आजचा एखादा उपदेशक भेटला असता तर त्यानं हल्ल्याचं कारण तिच्या शंकांमध्येच शोधलं असतं, याबद्दल मला तरी खात्री आहे.

रमाबाईंनी केलं काय? केडगावला जमीन घेतली. विहिरी खोदल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायका घेऊन आल्या आणि काही वर्षांत केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांची रोजची भाकरी म्हणजे किती पोती धान्य लागत असेल, याचा हिशोब कधी करून बघा; ‘आत्मिक युद्ध’ म्हणजे काय ते मला तरी त्या कोठारात जास्त कळतं. १९०५ मध्ये केडगावला मोठं आत्मिक जागरण झालं, ते सगळे आवर्जून सांगतात. त्याआधीची दहा वर्षं आणि नंतरची सतरा कुणी सांगत नाही. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. त्यानंतर आठ-नऊ महिने आई जगली, आणि त्या महिन्यांत हिब्रू-ग्रीकवरून चालवलेलं बायबलचं मराठी भाषांतर पुरं करण्यात गुंतलेली होती. मुक्तीतल्याच मुली छापखान्यात खिळे जुळवत होत्या. लेकीच्या मरणानंतर रोज सकाळी पुढ्यात येणारं ते प्रूफ, त्यावर वाकलेली जवळजवळ बहिरी झालेली म्हातारी आणि पलीकडं खिळे लावणाऱ्या, दुष्काळातून जगलेल्या बायका. तिला एकटीला मी तिथं कल्पूच शकत नाही.

एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे कबूल करायला हवी. एकाचा आशीर्वाद दुसऱ्याला हल्ला वाटू शकतो. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तो आपल्या इतिहासातला आनंदाचा दिवस. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यावर मात्र त्या दिवशी आभाळ कोसळलं. पाच-एक वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन राहिल्या. त्या काळात त्यांना सांभाळलं ते त्यांच्या हिंदू नातलगांनी. ख्रिस्ती मंडळीनं नव्हे. धीर देण्यासाठी कुणी आपल्या मंडळीचा सभासद असावा लागत नाही, हे आपण लक्षात ठेवलेलं बरं.

आता दुसऱ्या बाजूकडं. पुण्यात हा विषय काढला की विवेकवादी मित्र लगेच म्हणतात, कशाला गुळमुळीत बोलतोस, सरळ अंधश्रद्धा म्हण. या शहरात त्या शब्दाला रक्ताचं वजन आहे. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला गेलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना ओंकारेश्वरजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या गेल्या. मग काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि वर्ष संपायच्या आत कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतलं पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं याबद्दल आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घरात किंवा चर्चमध्ये कुणाला इजा न करता, कुणाला न लुबाडता केलेल्या प्रार्थनेला कायदा हातही लावत नाही. त्यामुळे ‘कायदा आमच्या विरुद्ध आहे’ अशी जी कुजबुज आपल्यात चालते तिला काही अर्थ नाही. आपल्यातलं कुणी एखाद्या पोरीचे केस धरून तिला हलवत असेल तर ते आपणच थांबवायला हवं, पोलीस येईपर्यंत वाट बघायला नको. जुन्या मंडळ्यांना ही सावधगिरी ठाऊक होती. कॅथलिक धर्मसंहितेत भूत काढण्याचा विधी बिशपांच्या खास परवानगीशिवाय कुणी करायचाच नाही असं बंधन आहे, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करून घ्यायची असते.

पण विवेकवादी मित्रांना मी एवढंच म्हणेन: कायदा मारणारा हात धरतो, तो पहाटे तीन वाजता शेजारी येऊन बसत नाही. ‘सगळं मनाचं आहे’ हे वाक्यही ‘सगळं सैतानाचं आहे’ इतक्याच सहज बोलून निघून जाता येतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही सगळी माणसं उपदेशकांनी अडवून धरलेली नाहीत. पुष्कळांना दवाखान्यापर्यंत हाताला धरून नेणारं कुणी नव्हतं, एवढंच.

हाताला धरणं, जेवायला घालणं, झोपू देणं, यांना आपण आत्मिक कामं मानतच नाही. कर्मेल डोंगरावर बआल या देवाच्या संदेष्ट्यांना हरवून आलेला संदेष्टा एलीया त्यानंतर लवकरच रानात एका झुडपाखाली पडून ‘आता मला मरू दे’ म्हणतो. देवदूत येतो. आम्ही असतो तर त्याला विचारलं असतं, भावा, कर्मेलवरचा अभिषेक कुठं गेला? देवदूत म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, मग परत उठवून पुन्हा खाऊ घालतो. वाट लांबची आहे म्हणतो. संदेश, दर्शन, सगळं नंतर, चाळीस दिवसांनी. इजिप्तच्या वाळवंटातले जुने संन्यासी ‘दुपारच्या सैतानाची’ फार भीती बाळगत; ऊन डोक्यावर आलं की तो येतो आणि सगळं व्यर्थ वाटायला लावतो म्हणत. पुणेकरांनी त्यावर एक ते चार दुकान बंद ठेवून झोपण्याचा उपाय केव्हाच शोधून काढलाय, आणि एलीयाच्या गोष्टीकडं बघता तो अगदीच अशास्त्रीय म्हणता येणार नाही.

जेझुइट संघ स्थापन करणाऱ्या लोयोलाच्या इग्नाशियसनं सोळाव्या शतकात याच मनःस्थितीसाठी काही नियम लिहिले. त्यातले दोन मला आपल्या घराघरांत लावावेसे वाटतात. मन अंधारलेलं असताना आधी उजेडात केलेला निर्णय बदलू नये. म्हणजे त्या दिवसांत मंडळी सोडायची नाही, घर विकायचं नाही, आणि आजीची समईही भंगारात द्यायची नाही. दुसरा नियम असा की शत्रूला गुप्तता आवडते. मनातलं एखाद्या समजदार माणसाला सांगून टाकलं की त्याचा डाव फसतो. आता बघा, आपल्या मंडळीत हे सांगायची सोय कुठं आहे? साक्षीच्या वेळी उभं राहायचं ते जिंकल्यावर. ‘मी सहा महिने आजारी होतो, प्रभूनं बरं केलं,’ याला टाळ्या. ‘मी सहा महिने आजारी आहे आणि मला प्रार्थना करावीशी वाटत नाही,’ अशी साक्ष मी पुण्यातल्या कुठल्याही मंडळीत आजवर ऐकलेली नाही. स्तोत्रसंहितेत मात्र ती आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी एकही स्तुतीची ओळ नाही, आणि तरी ते काढून टाकावं असं कुणाला वाटलं नाही.

बाहेरचं दडपण हल्ली वाढलंय, हे मान्य. घरी प्रार्थना असली की खिडक्या लावून घेतल्या जातात, शेजारी काय म्हणतील याचा विचार होतो. सैतान गर्जणाऱ्या सिंहासारखा फिरतो, हे पेत्राच्या पत्रातलं वाक्यही अशाच, लोक नावं ठेवत असतानाच्या काळातलं आहे. पण बाहेरून दबाव आला की आतल्या दुबळ्या माणसाकडे संशयानं बघायची सवय लागते, तीच जास्त घातक. पेत्र तिथं काय म्हणतो? तुमचे जगभरचे भाऊ हेच सोसतायत हे लक्षात ठेवा. पुन्हा अनेकवचन.

या शहरात बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, नगर रोडला पेपल सेमिनरी आहे. देशभरातून पोरं इथं धर्मशास्त्र शिकायला येतात. त्याच शहरात एखाद्या विधवेला आठवड्यातून एक तास शेजारी बसायला माणूस मिळत नाही, ही आपली लाजिरवाणी गोष्ट आहे. पाळकांना दोष देऊन भागणार नाही. एकेका पाळकाच्या गळ्यात शेकडो घरं असतात, वर बांधकाम समिती. पंच कमिटीनं रंगरंगोटीचा ठराव करावा तसाच भेटींचाही करावा: कुणाच्या घरी कोण, कुठल्या वारी, किमान सहा महिने. जाणाऱ्यानं निदान करायचं नाही, घराची झडती घ्यायची नाही, औषधं बंद करायला सांगायचं नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक नोटिस बोर्डावर उपासनेच्या वेळांशेजारी लावावा. त्यानं कुणाचा विश्वास कमी होत नाही.

मावशीकडं असा ठराव करून कुणी आलं नाही. आल्या त्या तिच्या वरच्या मजल्यावरच्या बाई, निवृत्त शिक्षिका, सत्तरी पार केलेल्या. दर मंगळवारी मेथीची जुडी घेऊन यायच्या, “मला एकटीला निवडायचा कंटाळा येतो गं,” म्हणायच्या. बाईंना कसलाच कंटाळा येत नाही हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे. दोघी निवडत बसायच्या. कधी बोलायच्या, कधी नाही. प्रार्थना बाई करायच्या, छोटीशी, मावशीनं ‘आमेन’ म्हटलं नाही तरी चालायचं. तिसऱ्या महिन्यात त्याच तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या, रिक्षात शेजारी बसून. डॉक्टर म्हणाले नैराश्य आहे. गोळ्या लागू पडायला महिना-दीड महिना गेला.

एकदा मी गेलो तेव्हा दोघी गहू चाळत होत्या. मावशी म्हणाली, “बाई, पेत्राला गव्हासारखा चाळला तसा सैतान मला चाळतोय.” बाई चाळणी हलवत म्हणाल्या, “चाळू दे. खाली पडते ती माती, गहू वरच राहतात. खडे मात्र हातानं वेचावे लागतात, आणि ते तू कशी वेचणार आहेस? चष्मा कुठाय तुझा?” शुभवर्तमानात त्या जागी सैतानानं चाळायला मागितलंय ते ‘तुम्हांला’, सगळ्या शिष्यांना. प्रार्थना केलीय ती ‘तुझ्यासाठी’, एकट्या शिमोनासाठी, म्हणजे पेत्रासाठी. हे मी नंतर घरी येऊन वाचलं. बाईंना ते ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

मावशी अजूनही त्या दिवसांना ‘हल्ला’च म्हणते. रात्री नऊला गोळी घेते आणि ‘सैतानानं मला पार चाळून काढलं’ असं सांगते. डॉक्टरांनी हरकत घेतलेली नाही, मीही घेत नाही. तो शब्द तिचा आहे. समईची आठवण काढली की मात्र तोंड फिरवते.

यंदा पावसाळ्यात बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. परवा मंगळवारी मी मावशीला दोनदा फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला. वर बाईंकडं होती म्हणे. मेथीची जुडी पन्नास रुपये सांगत होता, म्हणून पालक घेऊन गेली होती.